पोटाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये 'टीपी५३' आलं: हे गाठीपुरतं की घराण्याचं?

भोगावती

आमच्या थोरल्या दिरांना जठराचा कॅन्सर आहे. ऑपरेशनआधीची केमो चालू आहे आणि ते नेटानं घेताहेत. बायोप्सीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली, तिच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: टीपी५३ मध्ये उत्परिवर्तन, म्हणजे त्या नावाच्या जनुकात झालेला बदल. तो रिपोर्ट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला आणि कागलपासून इचलकरंजीपर्यंतच्या पाहुण्यांत बोलणं सुरू झालं, 'जीनमध्येच आहे म्हणे, म्हणजे पोरांनाही होणार.' पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, ही कुजबुज तिथवर पोचली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. असल्या समजुतीपायी एका मुलीचं लग्न अडावं हे मला सहन होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

आधी मुद्द्याचं. गाठीत बिघडलेलं जनुक वेगळं आणि आईबापाकडून आलेलं बिघडलेलं जनुक वेगळं. नुसत्या गाठीच्या रिपोर्टवरून मुलांचं काही ठरत नाही. जठराच्या कॅन्सरमध्ये खऱ्या अर्थानं आनुवंशिक अशा केसेस एक ते तीन टक्केच असतात. बाकीच्यांत जनुकं बिघडतात ती आयुष्यभरात, जठराच्या आतल्या अस्तरात. तो बिघाड मुलांकडे जात नाही.

आता ही जनुकं करतात काय? पेशीत काही जनुकं 'वाढ, दुभंग' असं सांगणारी असतात. काही 'थांब, आधी डीएनए धड आहे का बघ' असं सांगतात, आणि नुकसान दुरुस्त होण्यासारखं नसेल तर त्या पेशीला मरायला लावतात. या दुसऱ्या जातीच्या जनुकांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची.

आपल्याकडच्या को. प. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याचं उदाहरण घ्या. खांबांच्या खाचांत बरग्यांच्या, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्यांच्या, दोन रांगा बसवतात आणि मधे माती भरतात. एका रांगेतला बरगा गेला तरी पाणी अडून राहतं. त्याच गाळ्यातला दुसऱ्या रांगेतलाही गेला की मग पाणी सुटतं. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीच्या ४८ केसेस अभ्यासून हेच मांडलं. काही मुलांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. त्यांना गाठ लवकर येते आणि बरेचदा दोन्ही डोळ्यांत येते. ज्यांच्या दोन्ही प्रती धड असतात त्यांच्यात एकाच पेशीवर दोन घाव पडावे लागतात, म्हणून गाठ उशिरा आणि एकाच डोळ्यात. घराण्यातून येतो तो फार तर पहिला घाव. दुसरा कुठल्या तरी पेशीवर पुढे पडतो. आणि बहुतेक रुग्णांत पहिलाही पुढेच पडलेला असतो.

टीपी५३ हे या सगळ्यातलं सर्वांत ठळक जनुक, सतराव्या गुणसूत्रावरचं. त्याचं प्रथिन पी५३. डीएनए तुटला की हे प्रथिन साठतं, पी२१ नावाचं दुसरं प्रथिन तयार करायला लावतं आणि पेशीचं विभाजन थांबवतं. दुरुस्ती जमली तर पेशी पुढे चालते, नाही जमली तर मरते. पी५३ सापडलं १९७९ मध्ये, आणि पुढची दहा वर्षं ते कॅन्सर वाढवणारं समजलं जात होतं. कारण प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. धड प्रत गाठ दाबते हे १९८९ मध्ये स्पष्ट झालं.

जठरात हे किती वेळा बिघडतं? 'द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस' या अमेरिकी प्रकल्पानं २०१४ मध्ये जठराच्या २९५ गाठी तपासून चार गट पाडले. त्यातला निम्म्या गाठींचा सर्वांत मोठा गट म्हणजे ज्यांत गुणसूत्रांचीच मोडतोड झालेली असते. या गटात ७१ टक्के गाठींमध्ये टीपी५३ बिघडलेलं होतं. म्हणजे दिरांच्या रिपोर्टमधली ती ओळ या आजारात नेहमी दिसणारी आहे. त्या ओळीवरून घराण्याला दोष लावणं अन्याय आहे.

उसाचा_फड

ताई, बंधाऱ्याचं लई बेस सांगितलासा. बरगं आमीच घालतोय, त्यामुळं झटक्यात ध्यानात आलं.

माझा प्रश्न. आमचं बा पोटाच्या कॅन्सरनंच गेलं, सत्तरीत. तपासणी-बिपासणी काय जनुकाची झाली न्हाई. आमी दोघं भाऊ आणि एक बहीण. तुमी म्हणतासा आनुवंशिक फार कमी. मग डॉक्टर सारखं 'घरात कुणाला होता का' असं का इचारत्यात? आमी धास्ती धरायची का न्हाई?

भोगावती

दादा, विचारलंत ते फार बरोबर आहे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला जठराचा कॅन्सर असेल तर इतरांपेक्षा धोका साधारण दोन-तीन पट असतो, ही गोष्ट खरी. पण त्याचं कारण दर वेळी बिघडलेलं जनुक नसतं. एका घरात चूल एक, पाणी एक, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही एकच. तो लहानपणीच घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि औषध घेतलं नाही तर जन्मभर जठरात राहतो.

हा जंतूच सप्रेसर जनुकांवर घाव घालतो, आणि मला वाटतं आपल्याकडे या धाग्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. त्याच्यामुळे अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते. सुजेच्या ठिकाणी तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू डीएनएला इजा करतात. शिवाय डीएनएची अक्षरं बदलणारं एक विकर (एन्झाइम) आपल्या पेशींत आहे. एरवी ते प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींतच काम करतं. पायलोरीच्या संसर्गात ते जठराच्या पेशींतही जागं होतं आणि टीपी५३ मध्ये चुका घालतं, असं जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. जंतूच्या काही जाती कॅगए नावाचं प्रथिन थेट आपल्या पेशीत सोडतात, तेही पी५३ चं काम बिघडवतं.

आणखी एक मार्ग आहे, तो सर्वांत गुपचूप. त्यात जनुकाच्या अक्षरांत चूक नसतेच. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे रेणू चिकटतात आणि ते जनुक वाचलंच जात नाही. प्रत शाबूत, पण काम बंद. जठरात सीडीएच१, सीडीकेएन२ए, एमएलएच१ ही जनुकं अशी बंद पडलेली वारंवार सापडतात. पायलोरी असलेल्या अस्तरात कॅन्सर नसतानाही हे मिथाइल चिकटलेलं दिसतं, आणि जंतू घालवल्यावर त्यातलं काही उतरतं. अक्षर बदललं की पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. पण हा घाव काही अंशी तरी मागे फिरतो, आणि मला त्यातच मोठी आशा दिसते.

म्हणून तुम्ही तिघांनीही जंतूची तपासणी करून घ्या. कोरियात ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर होता अशा १६७६ जणांवर चाचणी झाली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. जंतूचं औषध दिलेल्या गटात १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, न दिलेल्या गटात २.७ टक्के. साधारण नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं.

पोटविकार

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. वरचं बरोबर लिहिलं आहे, व्यवहाराचं थोडं जोडतो.

तपासणी श्वासाची किंवा शौचाची. त्याआधी दोन आठवडे अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल जातीची गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आपल्या भागात ही गोळी लोक सकाळच्या चहाआधी सवयीनं घेतात आणि तपासणीच्या दिवशी ते सांगतही नाहीत. जंतू सापडला तर औषध बहुधा चौदा दिवसांचं. ते अर्ध्यात सोडू नका. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का हे पुन्हा तपासा. क्लॅरिथ्रोमायसिन या त्यातल्या नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आपल्याकडे भरपूर आहेत.

आणि खालीलपैकी काही असेल तर जनुकाच्या चर्चा नंतर करा, आधी दुर्बिणीची तपासणी करा: वजन आपोआप उतरणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, काळी शी होणं, कारण न सापडलेली रक्ताची कमी, वारंवार उलटी, घास अडकणं. माझ्याकडे महिनोन्‌महिने गोळ्यांवर काढून मग लोक येतात. तोवर गाठ अस्तर ओलांडून गेलेली असते.

उसाचा_फड

डॉक्टर, गोळीचं आमच्या घरातबी तसंच चालू हाय. बंद करून मग तपासतो. भावालाबी सांगितलं.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रोज हेच ब्लॉक कापते, म्हणून काचेवर हे कसं दिसतं ते सांगते.

दुर्बिणीतून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमधून येतो, मग तो मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतो. त्याच्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीची चकती कापायची, कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेवर अलगद उचलून घ्यायची. पुढे त्यावर हव्या त्या प्रथिनासाठी प्रतिपिंड घालतात. ते प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकी केंद्रकं निळी.

ई-कॅडहेरिनची काच बघण्यासारखी असते. हे प्रथिन सीडीएच१ जनुकाचं, शेजारच्या दोन पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं. निरोगी ग्रंथीत प्रत्येक पेशीच्या कडेनं बारीक तपकिरी रेघ असते, सगळं जाळं स्पष्ट दिसतं. त्याच काचेवर थोडं बाजूला सरकलं की कॅन्सरच्या पेशी दिसतात, सुट्या, एकेकट्या, आणि त्यांच्या कडेला रेघच नाही. पेशीच्या आत म्यूकस (चिकट स्राव) भरून केंद्रक एका बाजूला ढकललेलं असतं, त्यांना सिग्नेट रिंग पेशी म्हणतात. धरून ठेवणारं कुणी उरलं नाही म्हणून त्या गाठ न करता जठराच्या भिंतीत पसरत जातात. डिफ्यूज प्रकार म्हणतात तो हा. ग्रंथींसारखी रचना करणारा तो इंटेस्टायनल प्रकार. ही विभागणी लॉरेन यांनी १९६५ मध्ये केली आणि आजही रिपोर्टमध्ये ती लिहितात.

राधानगरीचा_भाचा

काचपट्टीताई, एक शंका. माझ्या सासऱ्यांच्या रिपोर्टमध्ये 'पी५३ पॉझिटिव्ह, ९० टक्के पेशींमध्ये ठळक' असं आहे. पी५३ राखण करणारं प्रथिन असेल तर ते भरपूर असणं चांगलंच ना? घरात आम्ही सगळे त्यावर खूश होतो.

काचपट्टी

दादा, दुर्दैवानं उलट आहे. निरोगी पेशीत पी५३ तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं. ते स्वतःच एमडीएम२ नावाचं प्रथिन तयार करायला लावतं, आणि एमडीएम२ त्याला संपवतं. त्यामुळे धड पी५३ असेल तर काचेवर मोजक्या केंद्रकांत फिकट तपकिरी दिसतो. बिघडलेलं पी५३ एमडीएम२ तयार करवू शकत नाही, म्हणून ते मोडलं जात नाही आणि साठत जातं. सगळ्याच केंद्रकांत गडद तपकिरी दिसणं ही बहुधा उत्परिवर्तनाची खूण. आणि एकाही पेशीत रंग नाही, तर तीही बहुधा उत्परिवर्तनाचीच, तिथे प्रथिन बनतच नाही. घरी सांगताना जपून सांगा. यावरून उपचार थांबत नाहीत किंवा आशा संपत नाही.

भोगावती

यात एक बारकावा आहे, आणि तो विद्यार्थ्यांना शिकवताना मला नेहमी फार महत्त्वाचा वाटतो. पी५३ चे चार-चार रेणू एकत्र जोडून काम करतात. एकाच प्रतीत चूक असली तरी चारांत बिघडलेले रेणू मिसळतात आणि बहुतेक जोड्या निकामी होतात. म्हणजे टीपी५३ च्या बाबतीत पहिल्या घावानंही बरंच नुकसान होतं. दोन घावांचा नियम आहे, पण तो सगळ्या जनुकांना सारखा लागू होत नाही.

तिलारी

आमच्या चंदगड-आजऱ्याकडे हत्ती येतात, म्हणून ही माहिती मी जपून ठेवली आहे. हत्तीच्या शरीरात माणसापेक्षा कितीतरी जास्त पेशी, आयुष्यही मोठं, तरी कॅन्सर कमी. २०१५ मध्ये संशोधकांना हत्तीत टीपी५३ च्या किमान २० प्रतींच्या जोड्या आढळल्या, माणसात एक. हत्तीच्या पेशींच्या डीएनएला इजा झाली की त्या चटकन मरून जातात. विषयाला थोडं सोडून आहे, पण राहवलं नाही.

भोगावती

सोडून अजिबात नाही. हे उद्या वर्गात सांगणार.

गंगावेस_पहाट

सगळं वाचलं. मग जेवणाचं काय? तांबडा रस्सा, खर्डा, कांदा-लसूण चटणी हे सगळं बंद करायचं का? आमच्याकडे एकानं 'जीन रिपेअर' करणारी पावडर म्हणून मोठ्या किमतीचा डबाही दिला आहे.

पोटविकार

तिखटानं जळजळ होते, पण तिखटामुळे जठराचा कॅन्सर होतो असा भक्कम पुरावा नाही. पुरावा आहे तो मिठाचा, मिठात मुरवलेल्या आणि धुरी दिलेल्या पदार्थांचा, आणि धूम्रपानाचा. आपल्या देशात जठराच्या कॅन्सरचं प्रमाण सर्वांत जास्त मिझोराममध्ये आहे, तिथे धुरावलेलं मांस आणि तंबाखू दोन्ही पुष्कळ. महाराष्ट्रात त्या मानानं कमी. रस्सा खा, वरून मीठ घेऊ नका, लोणचं-पापड रोज ताटात नको, बिडी-सिगारेट सोडा. मिश्रीही सोडा, तिच्यामुळे होणारे कॅन्सर वेगळे आहेत पण तेही तितकेच भयंकर.

पावडरीनं कुठलंही जनुक दुरुस्त होत नाही. तो डबा परत करा. केमो चालू असताना तर असलं काही मुळीच नको, यकृतावर परिणाम झाला तर पुढचा डोस लांबतो.

राधानगरीचा_भाचा

पण डॉक्टर, खरं औषध तरी आहे का, बिघडलेलं टीपी५३ बदलणारं? चीनमध्ये तसं इंजेक्शन निघालं आहे असं ऐकलं.

पोटविकार

चीनमध्ये २००३ मध्ये पी५३ चं जनुक विषाणूतून पोचवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली, ती डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी. जठरासाठी नेहमीच्या उपचारात असं काही नाही. हरवलेलं काम परत आणून देणं हे वाढलेलं काम दाबण्यापेक्षा फार अवघड असतं. पेशीला वाढायला सांगणारं हर२ प्रथिन वाढलेलं असेल तर ट्रास्टुझुमॅब हे औषध देऊन ते दाबता येतं. सप्रेसर गेलं असेल तर दाबायला काही उरलेलंच नसतं.

एका ठिकाणी मात्र सप्रेसर गेल्याचा उपचारात उपयोग होतो. एमएलएच१ सारखी डीएनएच्या चुका तपासणारी जनुकं बंद पडली की गाठीत शेकड्यांनी चुका साठतात. त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती गाठ परकी म्हणून ओळखता येते, आणि इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांना, अशा गाठी चांगला प्रतिसाद देतात. त्या अ‍ॅटलसमध्ये अशा गाठी साधारण २२ टक्के होत्या. म्हणून बायोप्सीवर एमएमआर किंवा एमएसआयची तपासणी, म्हणजे चुका तपासणारी ही जनुकं बंद पडली आहेत का याची तपासणी, झाली का हे डॉक्टरांना जरूर विचारा. वयस्कर रुग्णांत हे बहुतेक वेळा मिथाइल चिकटल्यामुळे होतं, घराण्यातून आलेलं नसतं.

पन्हाळ्याची_वाट

पहिल्यांदाच लिहिते आहे. बरेच दिवस हा प्रश्न कुणाला विचारावा हे कळत नव्हतं.

माझी आई ४४ व्या वर्षी जठराच्या कॅन्सरनं गेली. रिपोर्टमध्ये 'सिग्नेट रिंग सेल, डिफ्यूज' असं लिहिलेलं मला आठवतं. आईच्या वडिलांनाही पोटाचंच काहीतरी होऊन ते तरुणपणी गेले. मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन होऊन ती आता बरी आहे. इथल्या डॉक्टरांनी 'घराण्यात कुणाला?' असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही.' फॉर्मवर तेच लिहिलं गेलं. मी ३१ वर्षांची आहे, एक मुलगा आहे. वर तुम्ही एक ते तीन टक्के लिहिलं आहे. मी त्यात बसते का?

भोगावती

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

आपल्याकडे 'घराणं' म्हटलं की फक्त वडिलांकडचं धरतात. जनुकांच्या हिशेबात आजोळ तितकंच मोजलं जातं. तुमच्या आईकडची माहिती फॉर्मवर आलीच नाही, आणि तुमच्या बाबतीत महत्त्वाची माहिती सगळी तिकडचीच आहे. माझ्या दिरांच्या रिपोर्टनं घाबरायचं कारण नव्हतं, पण तुमच्या घरात तपासणी व्हायला हवी असं मला वाटतं.

याचं कारण सांगते. न्यूझीलंडमध्ये एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं जठराच्या कॅन्सरनं जात होती. त्या कुटुंबानं स्वतःहून संशोधकांची मदत मागितली आणि आपली वंशावळ त्यांच्यापुढे ठेवली. १९९८ मध्ये पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या घरात सीडीएच१ ची एक प्रत जन्मतः बिघडलेली आहे. काचपट्टीताईंनी जी तपकिरी रेघ सांगितली तिचंच जनुक. ज्याच्याकडे ती प्रत आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. आणि या जनुकामुळे बायकांना स्तनाच्या लोब्युलर प्रकारच्या (दूध बनवणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) कॅन्सरचाही धोका असतो, म्हणून मावशींचा रिपोर्ट शोधा. त्यात 'लोब्युलर' शब्द आहे का बघा.

प्रत मिळाली म्हणजे कॅन्सर होणारच, असं नाही. सुरुवातीचे अंदाज फार जास्त होते, कारण ते सर्वांत जास्त ग्रासलेल्या घरांवरून काढले होते. २०१९ च्या अभ्यासात आयुष्यभराचा धोका पुरुषांत ४२ टक्के आणि स्त्रियांत ३३ टक्के असा आला. तोही लहान नाही, पण आधीच्या ७० टक्क्यांच्या आकड्यानं झोप उडवून घेऊ नका.

पोटविकार

सहमत. पन्नाशीच्या आत डिफ्यूज प्रकार हा एकच मुद्दासुद्धा सीडीएच१ च्या तपासणीसाठी पुरेसा मानतात. तुमच्याकडे त्याशिवाय आजोबा आणि मावशीही आहेत. ही तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते, गाठीवर नाही. सीडीएच१ बरोबर सीटीएनएनए१ हेही जनुक बघतात.

पण आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. निकाल पॉझिटिव्ह आला तर पुढचे निर्णय मोठे असतात. या प्रकारात पेशी अस्तराखाली पसरतात, वरून अस्तर नितळ दिसतं, त्यामुळे नेहमीच्या दुर्बिणीत सुटून जातं. अनुभवी केंद्रात अनेक ठिकाणांहून ठरवून तुकडे घेतात. काही जणांना गाठ होण्याआधीच संपूर्ण जठर काढायचा सल्ला देतात, बहुधा वीस ते तीस या वयात. मोठं ऑपरेशन आहे. पुढे जन्मभर बी१२ चं इंजेक्शन, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खाणं, गोड पटकन खाल्लं की घाम आणि चक्कर. पण माणसं संसार करतात, नोकरी करतात, बाळंतपणंही होतात. आज यातलं काहीच ठरवायचं नाही. आज फक्त कागद गोळा करायचे.

पन्हाळ्याची_वाट

आईचे कागद बाबांनी टाकून दिले असावेत. मग काय करायचं? आणि आधी माझी तपासणी करायची का मावशीची? माझं लग्न मामाच्या मुलाशी झालं आहे, त्यानं मुलाच्या बाबतीत काही फरक पडतो का?

काचपट्टी

कागद गेले तरी ब्लॉक असू शकतो. लॅब मेणाचे ब्लॉक बरीच वर्षं जपून ठेवतात. आईचं पूर्ण नाव, साधारण साल आणि बायोप्सी कुठे झाली एवढं घेऊन त्या लॅबमध्ये जा. लेखी अर्ज द्या, नात्याचा पुरावा जोडा. ब्लॉक नसेल तर जुन्या रजिस्टरमधून रिपोर्टची प्रत तरी मागा. काउंटरवर 'नाही मिळणार' म्हणाले तर तिथून परत फिरू नका, पॅथॉलॉजिस्टना भेटा.

पोटविकार

आधी मावशी. ज्या व्यक्तीला आजार झाला आहे तिच्यात शोधलं तर नेमका बदल सापडण्याची शक्यता जास्त. तो सापडला की तुमच्यात तेवढाच बघायचा, आणि तुमच्यात नसेल तर तुम्ही आणि तुमचा मुलगा या बाजूनं मोकळे. मावशींमध्ये काही सापडलं नाही तरी आईमध्ये नव्हतंच असं सिद्ध होत नाही, त्या वेळी तुमची तपासणी करायची का हे समुपदेशक सांगतील.

मामाच्या मुलाशी लग्न झालं असल्यानं यजमानही त्याच आजोबांचे नातू आहेत. आजोबांकडे बदल असेल तर तो मामांकडूनही आलेला असू शकतो, म्हणून मावशींमध्ये तो सापडलाच तर यजमानांचीही तपासणी लागेल. वंशावळ काढताना दोघांच्या रेघा एकाच आजोबांपासून काढा, समुपदेशकाला ते लगेच कळेल. मुलाची तपासणी आत्ता नको. या आजारात लहानपणी काही करायचं नसतं, तो सज्ञान झाला की त्याचा तो ठरवेल.

भोगावती

ताई, वंशावळ काढायला मी मदत करते. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. आजोबांची भावंडं, त्यांची वयं, कोण कशानं गेलं, हे आजोळच्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. आमच्याकडे हे सगळं आत्तीला पाठ होतं.

पन्हाळ्याची_वाट

मावशीला आत्ताच फोन केला. फाईल माळ्यावर आहे म्हणाली, मावसभाऊ उतरवून फोटो पाठवतोय. थोरली मामी आजोबांच्या भावंडांची नावं सांगते आहे, मी लिहून घेते आहे. रविवारी लॅबमध्ये कुणी असतं का?

काचपट्टी

रविवारी रेकॉर्डचं माणूस नसतं. सोमवारी अकराच्या पुढे जा, म्हणजे पॅथॉलॉजिस्टही भेटतील.